ताटातला प्रांत

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटत होते. मेचा दुसरा आठवडा, सकाळचे दहा, ऊन आधीच डोक्यावर आलेलं. दिवाळी अंकांची आखणी वाळवणाच्या दिवसांतच होते, हे या कामातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. यंदाचा विषय त्यांनी एका दमात सांगितला : प्रांतोप्रांतीची पंगत. "तुम्ही इटालियन घ्या. पण पिझ्झा-पास्ता असं मोघम नको. मुंबईत आता तिथलं प्रांतवार जेवण मिळतं. जा, जेवा, आत काय चालतं ते बघून या."

मी राहते विचुंब्यात. पनवेल तालुक्यातलं गाव, नवीन पनवेलच्या कडेला, गाढी नदीच्या अंगानं. जिथे भातखाचरं होती तिथे आता सात-सात मजली इमारती आहेत. 'नैना', म्हणजे विमानतळाच्या परिसराचं नियोजन क्षेत्र, हा शब्द इथल्या प्रत्येक जमिनीच्या बोलण्यात येतो आणि २०२५च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून प्रत्येक फ्लॅटचा भाव धावपट्टी किती लांब यावरून सांगितला जातो. बांधकामाची धूळ एवढी, की वाळवणावर जुनी नऊवारी ताणून बांधावी लागते.

त्या दिवशी कावळे हाकायला माझ्याजोडीला मागच्या घरातल्या आजी होत्या. आगरी कुटुंब, वय सत्तरीच्या पुढचं. आमची इमारत उभी आहे ती त्यांच्या घरच्या खाचरावर. हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, कोणी पत्ता सांगावा तितक्या सहज : "तुजी लिफ्ट हाय ना, तथं आमचं खाचर व्हतं." फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "इटलीत काय खातात गो?"

"शेवया," मी म्हटलं. "तऱ्हेतऱ्हेच्या."

आजींनी एकदा कुरडयांकडे पाहिलं. "मंग मना बी ने."

बोरीबंदरला उतरून

पनवेलहून हार्बरची गाडी धरली. वाशीची खाडी आली तशा आजी खिडकीशी सरकल्या आणि पाणी बघून म्हणाल्या, ओहोटी लागलीय. सीएसएमटीला त्या अजून बोरीबंदरच म्हणतात. तिथून आम्ही फोर्टात चालत गेलो. या भागाचं इटलीशी नातं फार जुनं आहे, ते बहुतेकांना माहीत नसतं. गल्लोगल्ली केकची दुकानं असलेलं मोंगिनीस हे नाव मुळात इटालियन आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन इटालियन भाऊ इथे फोर्टात गोऱ्या साहेबलोकांना खाऊपिऊ घालायचा व्यवसाय करत. १९५८ साली तो खोराकीवाला कुटुंबाकडे आला आणि पुढे वाढदिवसाच्या केकचा मराठी घरांतला पर्यायी शब्दच होऊन बसला.

आम्ही गेलो ते रेस्टॉरंट जुन्या दगडी इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मालकांनी दुपारी चारपासून स्वयंपाकघरात उभं राहू दिलं. अट एकच घातली, नाव छापायचं नाही. ती मी पाळते आहे. उंच छत, साठेक खुर्च्या, मध्ये काचेपलीकडे उघडं स्वयंपाकघर. संध्याकाळी साडेआठनंतर इथे शेजारच्याचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागतं. एका टेबलावर ऑफिसातली मंडळी, दुसऱ्यावर आजी-आजोबांसकट आलेलं गुजराती कुटुंब, कोपऱ्यात पहिल्यांदाच भेटत असावेत असे दोघे. तव्यांचा खणखणाट, काट्याचमच्यांचा आवाज, आणि दर दोन मिनिटांनी आतून येणारी आरोळी : "सर्व्हिस!" गोंगाट म्हणावा तर आहे, पण तो लग्नाच्या पंगतीतला गोंगाट आहे, वाढप्याची वाट बघणाऱ्या माणसांचा. मला तो आवडला.

पण चारला हे सगळं शांत होतं. पिठाच्या टेबलाशी दोघंजण, भाजी चिरणारे तिघं, आणि मोठ्या पातेल्यात मंद आचेवर रटरटणारं काहीतरी. आजींना मालकांनी पिठाच्या टेबलाशी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

इटालियन नावाचं जेवण

इथल्या मेन्यूत पदार्थाच्या नावाखाली बारीक अक्षरात गावाचं किंवा प्रांताचं नाव आहे. बोलोन्या. लिगुरिया. रोम. पुल्या. सिसिली. मुख्य शेफ मूळचे पालघरकडचे, नोकरीच्या सुरुवातीची दोन वर्षं जहाजावर काढलेली. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट ही, की इटलीतल्या माणसाला तू इटालियन जेवण जेवतोस का असं विचारलं तर तो गोंधळेल. तो आपल्या गावचं जेवतो.

त्याला कारण आहे. इटली हा देश म्हणून एक झाला तो १८६१ साली. त्याआधी ती संस्थानं, राज्यं, पोपचा मुलूख आणि परक्यांच्या ताब्यातले प्रदेश होते. भाषा वेगळ्या, मापं वेगळी, ताटं वेगळी. एकत्र झाल्यावर तीस वर्षांनी, १८९१ला, पेल्लेग्रिनो आर्तुझी नावाच्या एका रेशीम व्यापाऱ्यानं फ्लॉरेन्समध्ये स्वतःच्या खर्चानं पाककृतींचं पुस्तक छापलं. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. पुढे लोक गावोगावहून पत्रं पाठवत गेले आणि त्या वाढत ७९०वर पोहोचल्या. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांनी आणि पुढे १९७०मध्ये 'रुचिरा' लिहून कमलाबाई ओगल्यांनी जे केलं, तेच काम या माणसानं केलं. एका प्रांताची बाई दुसऱ्या प्रांताचा पदार्थ घरात करू लागली. पण त्यानं प्रांत पुसले गेले नाहीत. उत्तरेत लोणी आणि अंडी, दक्षिणेत ऑलिव्हचं तेल आणि रवा. पो नदीच्या खोऱ्यात भात पिकतो म्हणून तिथे रिझोत्तो. व्हेनिसच्या बाजूला मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, त्याला पोलेंता म्हणतात. जेनोव्यात हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ एवढ्यावर तांब्याच्या परातीत भाजलेली फारिनाता. ती आम्ही सुरुवातीला मागवली. आजींनी तुकडा मोडला, चघळला. "बेसनाचा पोला हाय," त्या म्हणाल्या, आणि उरलेला संपवला.

टोमॅटोचंही असंच. इटालियन म्हटलं की लाल सॉस ही आपली समजूत. पण टोमॅटो अमेरिकेतून गेलेला. नेपल्समध्ये १६९०च्या दशकात आंतोनियो लातिनी यानं टोमॅटोच्या सॉसची कृती छापली तेव्हा तिला 'स्पॅनिश पद्धतीचा' असं म्हटलं, आणि तो पास्त्यावर घालायची रीत रुळली एकोणिसाव्या शतकात. आपल्या मिरचीची गोष्ट याहून फार वेगळी नाही. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती आली आणि आज आगरी मसाल्याची कल्पना तिच्याशिवाय करता येत नाही. परकं आलेलं घरचं व्हायला दोन-तीन पिढ्या पुरतात, मात्र कोणाच्या तरी घरात ते रोज शिजावं लागतं.

शेफना मी विचारलं, मुंबईत 'महाराष्ट्रीय थाळी' मिळते तिच्यात काय असतं? ते हसले नाहीत, विचार करून म्हणाले, "पुणं आणि थोडं मालवण. वाडवळ कुठे असतात? आगरी कुठे असतात?" हे त्यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. बोलोन्याचं नाव मेन्यूत छापता येतं, मग वसईचं, उरणचं, वरुडचं का नाही? ताटाखाली गावाचं नाव लिहिणं हा आदर आहे, आणि जेवणाऱ्याला त्याची सवय लावावी लागते.

पीठ, पाणी, काडी

पिठाच्या टेबलाशी काम करणारी मुलगी वर्धा जिल्ह्यातली. नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट करून चार वर्षांपूर्वी मुंबईत आलेली. तिचं टेबल दोन भागांत वाटलेलं आहे आणि ती वाटणी म्हणजे इटलीचा नकाशाच. डावीकडे अंड्याचं पीठ : बारीक मैद्यासारखं पीठ, शंभर ग्रॅमला एक अंडं, पाणी नाही. ही बोलोन्याची रीत. उजवीकडे रव्याचं पीठ : पिवळसर कणीदार रवा आणि त्याच्या निम्म्यानं कोमट पाणी, अंडं नाही. ही दक्षिणेची, गरिबांची रीत.

अंड्याचं पीठ ती लाटण्यानं लाटते. लाटणं जवळजवळ हातभर लांब. पोळी एवढी पातळ, की खालच्या लाकडाच्या रेघा दिसतात. मग ती गुंडाळून सुरीनं कापते, झटकते, आणि पिवळ्या फितींची जुडी तयार होते. ताल्यातेल्ले. बोलोन्याच्या लोकांनी या फितीची रुंदी ठरवून १९७२ साली तिथल्या व्यापार मंडळात रीतसर नोंदवून ठेवली आहे. शिजल्यावर ८ मिलिमीटर. शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा हा १२,२७०वा भाग. सोन्याची एक फीतही नमुना म्हणून ठेवली आहे. एखाद्या गावाला आपल्या पदार्थाचा एवढा अभिमान असावा, की त्याचं माप सोन्यात जपावं. मला हे वाचल्यापासून चुलीवरच्या भाकरीचा घेर कोणी असा नोंदवलाय का असं वाटत राहिलं आहे.

पण आजी अडकल्या उजवीकडे. रव्याचा गोळा ती मुलगी मळत होती, मळतच होती. रवा पाणी लवकर घेत नाही, तळहाताच्या टाचेनं दहा-बारा मिनिटं रगडावं लागतं. आधी तो फुटतो, मग चिकटतो, आणि शेवटी एकदम गुळगुळीत होतो. हा साधा रवा नव्हे. पास्त्याचा गहू वेगळा, ड्यूरम. कडक, काचेसारखा दाणा, दळला की पीठ होण्याआधी रवा पडतो. आपल्या बाजारात बन्सी रवा म्हणून जो पिवळा रवा मिळतो, तो याच जातकुळीचा गहू. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या गव्हावर बराच काळ काम चाललं आहे. त्यांचं एमएसीएस ४०२८ हे वाण कोरडवाहू जमिनीसाठी काढलेलं, १०२ दिवसांत तयार होणारं, प्रथिनं १४.७ टक्के. म्हणजे पास्त्याचा दाणा आपल्या दख्खनच्या मातीला परका नाही. खपलीचं तर याहून पुढचं. सांगली-कोल्हापूरकडे सणासुदीला जिची खीर करतात ती खपली आणि तोस्कानीतल्या गार्फान्याना खोऱ्यात ज्याचं सूप करतात तो फार्रो, हा एकच गहू. टरफल दाण्याला घट्ट धरून बसतं, कांडल्याशिवाय सुटत नाही. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी मधल्या काळात तो जवळजवळ सोडला होता. गार्फान्यानाच्या फार्रोला १९९६मध्ये युरोपीय संघानं प्रादेशिक ओळखीचं संरक्षण दिलं. आपली खपली आता मधुमेहाच्या निमित्तानं शहरात परत आली आहे, चढ्या भावानं.

मुलीनं रव्याच्या पिठाची बोटाएवढी दोरी वळली, नखाएवढे तुकडे केले, आणि बोथट सुरीनं एकेक तुकडा पाटावर ओढून अंगठ्यावर उलटा केला. छोटा कान तयार झाला. ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान, पुल्या प्रांतातले. तिथल्या बारी शहरात बायका दारात टेबल मांडून रस्त्यावरच हे करत बसतात. आजींनी न विचारता एक तुकडा उचलला, दोन बोटांत चोळला आणि पाटावर टाकला. गव्हला होता तो. मग दुसरा नखानं दाबला. नखुला. टेबलाशी काम करणारा दुसरा मुलगा बघत राहिला.

गव्हले, नखुले, मालत्या, बोटव्या. लग्नघरी आधी महिनाभर बायका एकत्र बसून हे करायच्या आणि मग त्यांची खीर व्हायची. माझ्या आईच्या रुखवतात या चारी प्रकारच्या बरण्या होत्या. तो हातानं केलेला पास्ताच आहे, असं आता म्हणतात. मला उलट म्हणावंसं वाटतं. पास्ता हा गव्हल्यांचा भाऊ आहे. दोघांना वेगवेगळ्या घरी दिलं, एवढंच.

मग त्या मुलीनं ड्रॉवरमधून विणायच्या सुईसारखी बारीक लोखंडी सळई काढली. रव्याची दोरी तिच्यावर गोल गुंडाळली, तळहातानं एकदा फिरवली, आणि सळई ओढून घेतली. मळसूत्रासारखी पोकळ नळी पाटावर राहिली. "कालाब्रियाची रीत, ताई," ती म्हणाली. "शेफनी शिकवायला घेतली तेव्हा मी म्हटलं, सर, हे मला येतं. माझी आई सरगुंडे करते. काडीवर गुंडाळायचे, वाळवायचे. आम्ही उन्हाळ्यात आंब्याच्या रसात खातो."

"मग शेफ काय म्हणाले?"

"म्हणाले, तूच दाखव. तेव्हापासून हे माझंच काम आहे."

वैदर्भीय वाचकांना सरगुंडे सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी इतकंच : शिजवलेले सरगुंडे आणि रस यांच्यापुढे आंबरस-पुरी मला फिकी वाटते. आणि कोकणातल्यांनी हसू नये. तळकोकणातला शिरवाळ्यांचा लाकडी साचा आणि व्हेनिसकडचा बिगोली नावाच्या जाड शेवयांचा साचा शेजारी शेजारी ठेवले तर कोणता कुठला ते ओळखायला वेळ लागेल. तिथे त्याला बाकासारखी घोडी असते, माणूस तिच्यावर बसून दांडा फिरवतो. इथे दोघांनी भार द्यायचा. त्या शेवयांवर ते कांदा आणि खारवलेले मासे घालतात, आपण नारळाचं गोड दूध. बाकी सगळं घामाचं काम सारखंच आहे.

वाळवणाचं गणितही सारखं. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात शेवयांचे झाडू रस्त्यावर बांबूंना टांगून वाळवत. एकीकडून डोंगरावरचा वारा, दुसरीकडून समुद्राचा. एक ओलावा देतो, एक काढून घेतो, आणि शेवई हळूहळू आतपर्यंत वाळते. घाईनं वाळली तर तडकते. हे ऐकून आजी माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तरी तुला सांगतं, दुपारच्याला कुरडई सावलीत घे."

सव्वा मिनिटाची घाई

साडेआठला चित्र पालटलं. आता पिठाचं टेबल रिकामं आणि सगळा जीव शेगडीवर. सहा शेगड्या, एका कोपऱ्यात उकळत्या पाण्याचं हौदासारखं भांडं, त्यात जाळीच्या टोपल्या सोडलेल्या. लिटरला साधारण दहा ग्रॅम मीठ. ताजे ताल्यातेल्ले दोन मिनिटांत होतात, विकतचे वाळलेले दहा मिनिटं घेतात. म्हणून आरोळ्या ठरलेल्या असतात. ज्या टेबलाचे चार पदार्थ एकाच वेळी जायचे, त्यातला सगळ्यात हळू शिजणारा आधी पाण्यात जातो.

मी ज्या तव्याशी उभी होते तिथे रोमचा काचो ए पेपे होत होता. नाव म्हणजेच कृती : चीज आणि मिरी. तिसरं काही नाही, आणि म्हणूनच लपायला जागा नाही. काळी मिरी जाडसर कुटून तव्यात कोरडी भाजली. घाटावर पिकलेली मिरी असेल ही, मला तेवढ्यातही बरं वाटलं. तिच्यावर पास्त्याचं पाणी डावभर टाकलं. हे पाणी ओतून द्यायचं नसतं, त्यात पिठाचा स्टार्च उतरलेला असतो. पास्ता अर्धवट शिजला असतानाच तव्यात आला. मग तवा आचेवरून खाली. मग किसलेलं मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज, थोडं थोडं. तवा जास्त तापलेला असेल तर चीजमधलं प्रथिन आक्रसतं आणि त्याच्या गुठळ्या होतात, पिठलं फुटावं तशा. बेताचा असेल तर स्टार्च त्या चरबीला आणि पाण्याला धरून ठेवतो आणि दुधाच्या सायीसारखा रस्सा शेवयांना लपेटतो. या सगळ्याला सव्वा मिनिट लागलं. एकदा गुठळ्या झाल्याच. त्या माणसानं न बोलता तवा बाजूला सारला आणि पहिल्यापासून केलं.

सगळ्यात जास्त ताटं परत येतात ती एका तक्रारीनं, वाढणाऱ्या मुलानं सांगितलं : "कच्चं आहे." पास्ता दाताला थोडा लागला पाहिजे, मध्ये सुईच्या टोकाएवढा कणखरपणा राहिला पाहिजे, ही तिथली रीत. आपल्याला गिळगिळीत शेवयांची सवय. पूर्वी इथे तो परत शिजवून द्यायचे. आता वाढणारा आधीच सांगतो, थोडा समजावतो, आणि तरी कोणाला नकोच असेल तर मुकाट्यानं मऊ करून आणतो. मला हे वागणं योग्य वाटतं. पाहुण्याला शिकवावं, पण त्याला लाजवू नये.

कांद्यावाचून

त्या गुजराती कुटुंबाच्या टेबलावर पाच माणसं आणि तीन पथ्यं होती. आजोबांना कांदा-लसूण-बटाटा नाही, सुनेला अंडं चालतं, सासूबाईंना नाही. जगातल्या कुठल्या इटालियन शेफला असा कागद हातात मिळत असेल? बोलोन्याचा रागू सुरू होतो तोच कांदा, गाजर आणि सेलरी लोण्यात मंद परतून. त्यातला कांदा आणि गाजर दोन्ही जैन ताटातून बाद. मग इथे त्या जागी कोबी आणि भोपळी मिरची बारीक चिरून, चिमूटभर हिंग घालून वीस मिनिटं परततात. हिंगाची कल्पना भाजीवाल्या मुलाची. अंडं नको त्यांना दक्षिणेचा रव्याचा पास्ता, म्हणजे पदार्थ मोडायचा नाही, प्रांत बदलायचा. हे मला फार हुशारीचं वाटलं.

चीजचा गुंता जास्त खोल आहे. पार्मिजानो रेज्जानो हे नाव फक्त पार्मा, रेज्जो एमिल्या, मोदेना आणि बोलोन्या-मांतोवाचा काही भाग इथल्याच चीजला लावता येतं. एका चाळीस किलोच्या चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं आणि निदान बारा महिने ते फळीवर मुरावं लागतं. पण दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट हवंच, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसाला ते चालत नाही, हे बहुतेकांना सांगेपर्यंत कळत नाही. इथे ते विचारून वाढतात, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटचं चीज वेगळ्या डब्यात, वेगळ्या किसणीसह ठेवलेलं असतं.

ही वाट पुण्यानं आधी चालून ठेवली आहे. कोरेगाव पार्कात १९७४पासून रजनीशांचा आश्रम होता, तिथे युरोपातून माणसं येत होती, आश्रमाच्या स्वयंपाकघराचा कारभारही एका इटालियन संन्यासिनीनं सांभाळला होता. पुढे १९८९मध्ये पुण्यातच लिटल इटलीची सुरुवात झाली, पूर्ण शाकाहारी इटालियन रेस्टॉरंट म्हणून. मुंबईच्या कफ परेडला प्रेसिडेंट हॉटेलातल्या त्रात्तोरियानं श्रीमंतांना पास्ता दिला. पण मध्यमवर्गीय शाकाहारी कुटुंबाला लहान मुलांसकट इटालियन जेवायला बसवलं ते पुण्यानं. अस्सल की नाही याचा वाद करणाऱ्यांनी हे विसरू नये.

मांदेलीचा वास

आमचं ताट आलं सव्वानऊला. मी मुद्दाम मागवलं होतं : स्पगेत्ती, वर लसूण, भाजलेला पावाचा चुरा, आणि कोलातूरा. अमाल्फीच्या किनाऱ्यावर चेतारा नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथे अँकोव्ही हे बोटभर मासे उन्हाळ्यात पकडतात, हातानं डोकी आणि पोटं काढतात, आणि चेस्टनटच्या लाकडी पिंपात एक थर मासा, एक थर मीठ असे रचतात. वर दगड ठेवतात. महिन्यांमागून महिने जातात. मासा विरघळत जातो आणि खाली तांबूस, पारदर्शक रस उतरतो. तोच कोलातूरा. २०२०मध्ये त्यालाही युरोपीय संघाचं संरक्षण मिळालं. चार माणसांच्या पास्त्याला दोन-तीन चमचे पुरतात.

ताट टेबलाला टेकायच्या आत आजींचा हात थांबला. त्यांनी वाकून वास घेतला. परत घेतला.

"मांदेली," त्या म्हणाल्या.

शेफ काचेआडून बघत होते, ते बाहेर आले. आजींचं बरोबर होतं. आपली सोनेरी मांदेली अँकोव्हीच्याच कुळातली आहे. पनवेल-उरणच्या बाजारात उन्हाळ्यात सुकी मांदेली ढिगानं मिळते, आणि ती ज्या घरात भाजली जाते तिथून तिचा वास तीन मजले वर येतो. आमच्या सोसायटीच्या बैठकीत या वासाबद्दल लेखी तक्रार आली होती. तक्रार करणाऱ्यांपैकी काहींना मी इथे फोर्टात, अँकोव्हीची ताटं चाटूनपुसून संपवताना कल्पू शकते. त्यांना दोष देत नाही. त्या वासाला कोणी त्यांच्यासमोर गावाचं नाव देऊन, पांढऱ्या बशीत ठेवलेलं नाही, एवढंच.

आजींनी काटा बाजूला ठेवला आणि बोटांनी जेवल्या. शेवया बोटांभोवती गुंडाळून, पावाचा चुरा टिपून. मध्ये एकदाच बोलल्या, शेफना उद्देशून : "मीठ बरोबर हाय. भात पायजे व्हता." शेफ आत गेले आणि कर्मचाऱ्यांच्या जेवणातला वाटीभर भात घेऊन आले. त्यावर दोन थेंब कोलातूरा, कच्च्या लसणाचा तुकडा आणि तेल. आजींनी तो कालवला, एक घास मला भरवला. संध्याकाळभर मी चाखलेल्या सगळ्यांत तो घास वरचा होता, हे मी त्या रेस्टॉरंटच्या मालकांनाही सांगितलं.

"कवरे दिस ठेवतात पिंपात?" आजींनी विचारलं.

"निदान नऊ महिने," शेफ म्हणाले.

"पोराएवरे," आजी म्हणाल्या.

निघताना वर्ध्याच्या मुलीनं आजींना ती लोखंडी सळई दिली. आजींनी घेतली नाही. म्हणाल्या, आमच्याकडे छत्रीच्या काड्या हायेत.

बरणी

शेवटची पनवेल गाडी रिकामी होती. आजी झोपल्या नाहीत. मानसरोवर गेल्यावर त्यांनी सांगितलं, की त्यांची आई पावसाळ्यासाठी मडक्यात मीठ घालून मासळी ठेवायची, वर पळसाचं पान, त्यावर धोंडा. तळाशी पाणी सुटायचं. ते पाणी डाळीत टाकायचे. लग्न होऊन विचुंब्याला आल्यावर ते राहिलं, कारण सासरी सुकटीवरच भागायचं. "ते पानी टाकायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पन नाव नव्हतं त्याला कायबी."

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पनवेलच्या बाजारात ताजी मांदेली आली. आम्ही दोन किलो घेतली. आजींनी पाटावर बसून एकेकीचं डोकं अंगठ्यानं मोडलं, त्याबरोबर पोट आपोआप बाहेर येतं, सुरी लागतच नाही. मीठ उरणकडचं, जाडं, करड्या रंगाचं. चिनी मातीची जुनी लोणच्याची बरणी, एक थर मासा, एक थर मीठ, वर बशी, बशीवर गाढीच्या पात्रातून आणून उकळलेला गोटा.

हा लेख लिहिते आहे तेव्हा बरणीला अडीच महिने होत आले. ती माझ्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे, कारण आजींच्या घरी नातवाला वास येतो. दर रविवारी त्या लिफ्टनं वर येतात, बशी उचलून बघतात आणि पाणी वर चढलेलं दिसलं तर आतल्या बाजूला तिथे शिसपेन्सिलनं खूण करतात. आतापर्यंत चार खुणा झाल्या आहेत. वरची खूण कालची आहे.